चुना प्रावरणातला की पावसाच्या पाण्यातला? कच्छच्या झेनोलिथचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागातलं आहे. कच्छहून आणलेल्या झेनोलिथमध्ये, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यात अडकून वर आलेल्या प्रावरणाच्या (भूकवचाखालच्या खडकाच्या) तुकड्यांमध्ये, सापडलेला चुना मुळात कुठला, हा त्यातला प्रश्न. एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक सर आणि सूक्ष्मदर्शकाच्या कामापुरता बाहेरून बोलावलेला मी, एवढीच माणसं. गाव, साल आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत. खडकातल्या रासायनिक बदलांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा पेच कधी ना कधी पडतो, आणि तो कोणत्या क्रमाने सोडवायचा हे पुस्तकात सहसा सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मराठवाड्यात वाढलेल्या पोरांना बेसाल्टची, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या काळ्या पाषाणाची, ओळख करून द्यावी लागत नाही. विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम, मग पाषाण, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा आणि पुन्हा पाषाण, हा क्रम घरातच कानावर पडलेला असतो. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेलं की ही चादर संपते आणि जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर जे विंधनविवर घेतलं त्यात ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली ८ मीटर गाळाचे थर आणि मग नाइस हा जुना पट्टेदार खडक लागला. भूकवचाचा वरचा भाग असा कुठे ना कुठे हाताला लागतो. त्याखालचं प्रावरण मात्र पस्तीस-चाळीस किलोमीटर खोल आहे. जगातलं सर्वांत खोल विवर, रशियातलं कोला, १२,२६२ मीटरवर थांबलं. तेव्हा सरळ खालून आलेला प्रावरणाचा तुकडा हवा असेल तर तो ज्वालामुखीनेच आणून दिलेला असावा लागतो.

आपल्या भागातल्या लाव्ह्याने तो आणला नाही. मराठवाड्यातला थोलिआइटी बेसाल्ट वर येताना भूकवचातल्या कोठारांत थांबला, निवला, त्यातले जड स्फटिक तळाशी बसले. पेरिडोटाइटची, म्हणजे प्रावरणाच्या खडकाची, घनता ३.३ च्या आसपास आणि बेसाल्टी रसाची, म्हणजे वितळलेल्या बेसाल्टची, २.७ च्या आसपास असते. थांबलेल्या रसात असा तुकडा टिकून राहत नाही. कच्छमध्ये भुजच्या भोवती मात्र त्याच दख्खन काळातल्या, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या अल्कली बेसाल्टच्या टेकड्या आहेत. हा रस वायूंनी भरलेला असतो आणि वाटेत फारसा न थांबता वर येतो. प्रावरणापासून जमिनीपर्यंतचा प्रवास असे रस काही तासांत ते काही दिवसांत उरकतात. त्यात अडकून आलेले हिरवे गोटे म्हणजे स्पिनेल लर्झोलाइटचे (हा पेरिडोटाइटचाच एक प्रकार) झेनोलिथ. त्यांत पिवळट हिरवं ऑलिव्हीन, तपकिरी ऑर्थोपायरॉक्सीन, पाचूसारखं गर्द हिरवं क्रोमयुक्त क्लायनोपायरॉक्सीन आणि काळपट स्पिनेल असतं. पुणे विद्यापीठाचे नितीन करमळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोट्यांवर काम केलेलं आहे, आणि कच्छखालच्या प्रावरणात सुप्त रासायनिक बदल झाल्याचा पुरावा त्यांनी मांडलेला आहे.

सुप्त म्हणजे काय ते इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रावरणातून एखादा पातळ रस किंवा द्रव झिरपत गेला की तिथला खडक बदलतो. कधी अँफिबोल, फ्लोगोपाइट, अॅपॅटाइट अशी नवी खनिजं तयार होतात. तो उघड बदल. कधी नवं काहीच दिसत नाही, खनिजं तीच राहतात, पण क्लायनोपायरॉक्सीनमध्ये लँथॅनम, सिरियम यांसारखी हलकी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं वाढलेली आढळतात. तो सुप्त बदल. डोळ्यांना आणि सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नाही, मोजावाच लागतो.

विभागाची अभ्याससहल कच्छला गेली होती. जीवाश्म आणि प्रस्तरभंग बघायला महाराष्ट्रातले बरेच विभाग तिकडे जातात. परत येताना विद्यार्थिनीने एका खाणीतून आणि टेकडीच्या उतारावरून गोट्यांची एक पिशवी भरून आणली. त्यातले काही गोटे बेसाल्टसकट होते, काही सुटे. सरांनी तिथेच तिला विषय दिला: कच्छच्या झेनोलिथमधला रासायनिक बदल.

अडचण

सरांच्या विभागात बेसाल्टची पूड करून एक्सआरएफवर, म्हणजे क्ष-किरणांनी घटक मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण खडकाचं विश्लेषण करून घेण्याची घडी बसलेली होती. जॉ क्रशर होता, अॅगेटचा खलबत्ता होता, पाठवायची प्रयोगशाळा ठरलेली होती. तेव्हा पहिलं पाऊल साहजिकच तेच पडलं. पिशवीतला सर्वांत मोठा गोटा क्रशरमध्ये गेला, आणखी काही लहान गोटेही गेले.

आकडे आले तेव्हा सर खूश झाले, आणि त्यांच्या खुशीला आधार होता. लर्झोलाइटमध्ये कॅल्शियम ऑक्साइड साधारण २ ते ३.५ टक्के असतं. मोठ्या गोट्यात ते दुपटीहून जास्त निघालं. अॅल्युमिनियम मात्र होतं तिथेच. कॅल्शियम वाढलेलं आणि अॅल्युमिनियम तेवढंच, ही कार्बोनेटाइट रसाने, म्हणजे चुन्यासारख्या कार्बोनेटांनी भरलेल्या वितळलेल्या रसाने, प्रावरण बदलल्याची एक ओळखीची खूण आहे. त्यात स्ट्रॉन्शियमही वाढलेलं होतं. एका परिषदेच्या सारांशाची मुदत तोंडावर आली होती. सरांनी रातोरात सारांश लिहिला: कच्छखालच्या प्रावरणावर कार्बोनेटाइटी रसाची क्रिया. विद्यार्थिनीचं नाव पहिलं टाकलं. लहान गावातल्या पोरीला राष्ट्रीय परिषदेत उभं राहायला मिळावं ही त्यांची इच्छा अगदी मनापासूनची होती. मी त्यांना अनेक वर्षं ओळखतो, विद्यार्थ्यांसाठी ते पदरमोड करतात.

सारांश पाठवून झाल्यावर विद्यार्थिनी माझ्याकडे स्लाइड दाखवायला आली. उरलेल्या गोट्यांपैकी एक तिने सोबत आणला होता. बेसाल्टमध्ये अर्धा रुतलेला, मुठीएवढा. त्याच्या हिरव्या भागातून केसासारख्या पांढऱ्या रेषा गेल्या होत्या. ती म्हणाली, "सर, ह्या पांढऱ्यावर मी अॅसिड टाकून बघितलं. फसफसलं. आमच्या शेतात काळ्या मातीखाली मुरमाला जी चुनखडी चिकटलेली ऱ्हाते ना, तशीच दिसायलीय ही."

मी तो गोटा भिंगाखाली धरला. पांढरी रेघ हिरव्या खडकातून निघून काळ्या बेसाल्टमध्ये सरळ पुढे गेली होती. सीमेवर थांबली नव्हती, वळलीही नव्हती. बेसाल्टमधल्या एका वायुपोकळीतही तेच पांढरं भरलेलं होतं.

या एका निरीक्षणात पेचाचं मूळ आहे. झेनोलिथवर रासायनिक बदल एकाच वेळी झालेला नसतो. पहिला थर प्रावरणातला, गोटा सुटण्याच्या आधीचा. दुसरा प्रवासातला: भोवतालचा गरम रस गोट्याच्या कडा खातो, फटींत शिरतो, दाब उतरल्यामुळे क्लायनोपायरॉक्सीन कडेने वितळून जाळीदार होतं. तिसरा रस गोठताना आणि निवताना राहिलेल्या गरम पाण्याचा, ज्यात ऑलिव्हीनचं सर्पेंटाइन होतं. चौथा जमिनीवरचा: साडेसहा कोटी वर्षांचं ऊन, पाऊस, भूजल. ऑलिव्हीन लालसर इडिंगसाइट होऊन सडतं, फटींत चिकणमाती आणि चुना भरतो. कच्छसारख्या कोरड्या मुलखात चुना भरणं अगदी नेहमीचं. पूड करून काढलेल्या आकड्यात हे चारही थर एकत्र मिसळतात, आणि त्यातला कोणता कुठला हे आकडा सांगत नाही.

सारांश गेलेला, प्रबंधाला थोडेच महिने उरलेले, सर्वांत मोठा गोटा चुरा झालेला, आणि विभागाच्या खर्चाच्या शीर्षात राहिलेले पैसे बेताचेच. अशी स्थिती होती.

समोर असलेले पर्याय

सरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. सरांनी पहिला मुद्दा मांडला आणि तो झटकून टाकण्यासारखा नव्हता: प्रावरणात कार्बोनेट असूच शकत नाही असं थोडंच आहे? जगात काही ठिकाणच्या झेनोलिथमध्ये काचेच्या कप्प्यांत कार्बोनेट मिळाल्याच्या नोंदी आहेत. एका गोट्यातल्या रेघा वरच्या पाण्याच्या असल्या म्हणून सगळं कॅल्शियम वरूनच आलं असं कसं म्हणायचं? हा प्रश्न बरोबर होता. पुढची आखणी त्याच प्रश्नावर झाली.

सारांश तसाच ठेवायचा आणि परिषदेत जाऊन सांभाळून बोलायचं, हा एक मार्ग होता. मी त्याला ठाम विरोध केला. परिषदेत छापलेला सारांश लोक नंतर आधार म्हणून वापरतात, आणि एकदा छापून गेलं की सांभाळून बोललेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरा मार्ग सोपा वाटत होता. सडलेले गोटे बाजूला टाकायचे, ताजे दिसणारे तेवढे घ्यायचे आणि पुन्हा पूड करायची. पण ताजा दिसणारा गोटा म्हणजे चौथा थर कमी असलेला गोटा, इतकंच. दुसरा थर, प्रवासातला, ताज्या गोट्यातही असतो आणि तो भिंगाखाली दिसेलच असं नाही. शिवाय बदलाचाच अभ्यास करायचा आणि बदललेले नमुनेच टाकून द्यायचे, हे विद्यार्थिनीला पटेना. तिचं मला पटलं.

तिसरा, पूड सौम्य आम्लाने धुऊन पुन्हा मोजायची. स्वस्त आणि हातातला. धोका असा की आम्ल फक्त चुनाच खात नाही. अॅपॅटाइट विरघळतं, आणि अॅपॅटाइट असेल तर दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा मोठा साठा त्यातच असतो. ऑलिव्हीन आणि काचही थोडी झिजते. जे शोधायचं तेच धुऊन जाण्याची शक्यता होती.

चौथा, कार्बोनेटमधल्या कार्बन आणि ऑक्सिजनची समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजायची. प्रावरणातल्या कार्बनचं मूल्य उणे ५ प्रतिसहस्रच्या आसपास असतं. ऑक्सिजनचं मूल्य प्रावरणातल्या कार्बोनेटमध्ये कमी आणि थंड पाण्यातून बसलेल्या चुन्यात बरंच जास्त असतं. सरळ उत्तर देणारी चाचणी हीच होती. पण नंबर लागेपर्यंत प्रबंधाची मुदत उलटली असती.

पाचवा, पुडीचा नाद सोडायचा आणि दाण्यापर्यंत जायचं. गोटा आणि बेसाल्ट दोन्ही धरणारे काप काढायचे, आधी सूक्ष्मदर्शकाखाली क्रम लावायचा, मग मायक्रोप्रोबवर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने एकेक दाणा मोजणाऱ्या यंत्रावर, खनिजांचे घटक, आणि शेवटी लेझरने फक्त क्लायनोपायरॉक्सीनच्या स्वच्छ गाभ्यातली सूक्ष्म मूलद्रव्यं. महाग होतं, पण बिंदू मोजके ठेवले तर जमणार होतं.

पाचवा मार्ग धरायचा आणि आम्लाने धुण्याचा प्रयोग एकाच पुडीवर पडताळ्यापुरता करायचा, असं ठरलं. सारांशाचा निर्णय सरांनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच आयोजकांना तो मागे घेत असल्याचं कळवलं. त्यांच्यासाठी तो सोपा नव्हता, आणि या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी त्यालाच म्हणेन.

काय केलं

यंत्राकडे जाण्याआधी विद्यार्थिनीने कागदावर एक हिशोब केला. शुद्ध कॅल्साइटमध्ये वजनाने ५६ भाग कॅल्शियम ऑक्साइड आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड असतो. मोठ्या गोट्यातलं जास्तीचं कॅल्शियम कॅल्साइटचं असेल, तर खडक तापवल्यावर त्याच प्रमाणात वजन घटलं पाहिजे. ते क्लायनोपायरॉक्सीनमध्ये बसलेलं असेल, तर वजनात काही फरक पडू नये. समजा खडकात ५ टक्के कॅल्साइट भरलं, तर कॅल्शियम ऑक्साइड २.८ टक्क्यांनी वाढेल आणि वजन २.२ टक्क्यांनी घटेल. तिच्या गोट्यांचे बिंदू आलेखावर जवळजवळ याच रेषेवर पडले. थोडे वर सरकलेले होते, ते सर्पेंटाइन आणि चिकणमातीतल्या पाण्यामुळे. मी तिला एवढंच सांगितलं की तापवताना लोखंड हवेतला ऑक्सिजन घेतं, पेरिडोटाइटमध्ये त्याने एक टक्क्याच्या आतबाहेर वजन वाढू शकतं, तेव्हा ती दुरुस्ती धर. तिने धरली. रेषा बदलली नाही.

ही गणितं कुठल्याही विभागात वहीवर होतात, आणि आकडे हाती आल्याच्या दिवशीच होऊ शकतात. पण या हिशोबाने जास्तीचं कॅल्शियम कार्बोनेटमध्ये आहे एवढंच ठरलं. ते कार्बोनेट कुठून आलं हे अजून ठरायचं होतं.

मग काप. इथे प्रयोगशाळेतले मामा कामाला आले. त्यांनी गोटा हातात घेतला, नखाने कड खरवडली आणि म्हणाले, "मॅडम, हा पाण्यात धरला की सुटायचा. आधी डिंकात भिजवून घ्या." डिंक म्हणजे इपॉक्सी. सडलेला ऑलिव्हीन आणि चिकणमाती पाण्याने फुगून काप फाटतो, म्हणून गोटा आधी इपॉक्सीत मुरवला आणि पाण्याऐवजी रॉकेलवर कापला. ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासून आणेस्तोवर बराच वेळ गेला, दोन काप वाया गेले, पण जे टिकले त्यांत बेसाल्ट, सीमा आणि गोट्याचा गाभा सलग एका काचेवर होते.

त्या कापात काय दिसलं ते जरा तपशिलात सांगतो. सीमेला लागून जिथे ऑर्थोपायरॉक्सीन बेसाल्टला भिडलं होतं तिथे त्याला बारीक ऑलिव्हीन, क्लायनोपायरॉक्सीन आणि काचेची झालर होती. सिलिका कमी असलेला अल्कली रस ऑर्थोपायरॉक्सीनला असाच खातो. ही दुसऱ्या थराची खूण, आणि ती सीमेपासून थोड्याच अंतरावर संपत होती. जरा आत क्लायनोपायरॉक्सीनच्या कडा चाळणीसारख्या जाळीदार, गाभा मात्र स्वच्छ. ऑलिव्हीनच्या भेगांतून लालसर इडिंगसाइट शिरलेलं, आणि बेसाल्टमधल्या स्वतःच्या ऑलिव्हीनमध्येही अगदी तसंच, म्हणजे दोघं एकाच पाण्यात सडले. चुन्याची शीर या सगळ्याला कापून जात होती: झालरीला, जाळीदार कडेला, इडिंगसाइटलाही. जे सगळ्यांना कापतं ते सगळ्यांत धाकटं. हा नियम पहिल्या वर्षी शिकवतात, आणि तो इथे एका काचेवर उभा होता.

सरांचा प्रश्न तरीही आम्ही सोडला नाही. शिरांपासून लांब, गाभ्यात, काचेच्या कप्प्यांत कुठे कार्बोनेट आहे का हे विद्यार्थिनीने एकेक कप्पा करून बघितलं. एका कप्प्यात मिळालं. क्षणभर वाटलं की सरांचं म्हणणं खरं ठरतं आहे. मायक्रोप्रोबवर परतलेल्या इलेक्ट्रॉनची प्रतिमा घेतली तेव्हा त्या कप्प्यातून निघालेली एक सूक्ष्म भेग दिसली, आणि ती चुन्याच्या शिरेला जाऊन मिळाली होती. घटकही शिरेतल्यासारखेच, जवळजवळ शुद्ध कॅल्साइट.

आणखी एक बाजू होती. कार्बोनेटाइट रस लर्झोलाइटमधून गेला की ऑर्थोपायरॉक्सीन जागेवर राहत नाही. चार रेणू एन्स्टॅटाइट (ऑर्थोपायरॉक्सीन) आणि एक रेणू डोलोमाइट (कार्बोनेट) यांची क्रिया होऊन दोन रेणू फॉर्स्टेराइट (ऑलिव्हीन), एक रेणू डायॉप्साइड (क्लायनोपायरॉक्सीन) आणि दोन रेणू कार्बन डायऑक्साइड तयार होतात. वायू निघून जातो, ऑर्थोपायरॉक्सीन संपत जातं, खडक वेर्लाइटकडे, म्हणजे मुख्यतः ऑलिव्हीन आणि क्लायनोपायरॉक्सीनच्या खडकाकडे, झुकतो. म्हणजे कार्बोनेटाइटने बदललेल्या प्रावरणात शोधायचा तो जास्तीचा क्लायनोपायरॉक्सीन. कार्बोनेट तिथे बहुतेक वेळा उरतच नाही. तिच्या कापांत सीमेची झालर सोडली तर ऑर्थोपायरॉक्सीन भरपूर आणि धडधाकट होतं.

लेझरचे बिंदू ठरवताना पुन्हा थोडी ओढाताण झाली. ज्या प्रयोगशाळेत वेळ मिळाला तिथल्या तंत्रज्ञांनी सवयीने प्रत्येक दाण्यावर कडेपासून कडेपर्यंत रांग घ्यायची तयारी केली. कड जाळीदार, तिच्यात काच अडकलेली. त्या काचेतली सूक्ष्म मूलद्रव्यं मिसळली असती तर सुप्त बदल नसलेल्या दाण्यातही तो असल्याचा भास झाला असता. विद्यार्थिनीने प्रत्येक दाण्याचा मोठा फोटो सोबत नेला होता आणि गाभ्यात कुठे बिंदू घ्यायचा यावर आधीच खुणा करून ठेवल्या होत्या. तिने नम्रपणे पण ठामपणे सांगितलं की बिंदू कमी झाले तरी चालतील, गाभा सोडायचा नाही. कडेवरचे दोन-तीन बिंदू मात्र तुलनेसाठी मुद्दाम घेतले. पैसे तिथेच संपले.

निष्पत्ती

काही गोट्यांच्या क्लायनोपायरॉक्सीनच्या गाभ्यात हलकी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं स्पष्ट वाढलेली निघाली, काहींत नाही. अँफिबोल किंवा फ्लोगोपाइट कुठेच नव्हतं. म्हणजे सुप्त बदल होता, प्रावरणातलाच होता, आणि आधीच्या संशोधकांनी कच्छबद्दल जे मांडलं आहे त्याच्याशी जुळणारा होता. तो बदल कोणत्या रसाने केला यावर प्रबंधात दावा केलेला नाही. टायटॅनियम आणि युरोपियमचं गुणोत्तर, ज्यावरून कार्बोनेटाइटी आणि सिलिकेटी रस ओळखायचा प्रयत्न करतात, ते एका बाजूला नीट झुकलं नाही, आणि बिंदूही थोडे होते.

मोठ्या गोट्यातलं जास्तीचं कॅल्शियम आणि बहुतेक स्ट्रॉन्शियम वरच्या पाण्यातून आलेल्या चुन्याचं ठरलं. पडताळ्यासाठी आम्लात धुतलेली पूड परत मोजली तेव्हा कॅल्शियम लर्झोलाइटच्या नेहमीच्या कक्षेत उतरलं. लँथॅनमही थोडं उतरलं. ते चुन्यातून गेलं की अॅपॅटाइटमधून, हे पुडीवरून सांगता आलं नाही, आणि पुडीवर विसंबू नये असं आम्ही का म्हणत होतो ते सरांना तिथे आकड्यात दिसलं.

प्रबंधाचं शीर्षक बदललं. रसायनाच्या प्रकरणाआधी तिने बदलांच्या क्रमाचं एक स्वतंत्र प्रकरण घातलं आणि त्यात सीमेचा काप पूर्ण पानभर छापला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की सुप्त बदल तर आधीच माहीत होता, तुझं नवीन काय? ती म्हणाली की याच गोट्यांच्या पुडीवरून कार्बोनेटाइटचा दावा करता येतो आणि तो चुकीचा ठरतो, हे मी दाखवलं. त्यांनी काप मागवून घेतला आणि बराच वेळ बघितला. पुढच्या वर्षी त्याच परिषदेत सरांनी आणि तिने मिळून बदलांच्या क्रमावर पोस्टर लावलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठं नुकसान क्रशरमध्ये झालं. मोठा गोटा पूर्ण दळला गेला, त्याचा एकही तुकडा राखला नाही. आकड्यांत सर्वांत वेगळा तोच होता, आणि त्याचीच सीमा, त्याच्याच शिरा आता कोणाला बघता येणार नाहीत. कितीही घाई असली तरी प्रत्येक गोट्याचा मधून काप घेऊन एक बाजू डब्यात ठेवायला हवी. बेसाल्टच्या पुडीची सवय असलेल्या विभागात हे राहून जातं, कारण बेसाल्टचा आणखी एक तुकडा त्याच दरडीतून कधीही आणता येतो. झेनोलिथ तसा नाही. प्रत्येक गोटा प्रावरणाच्या वेगळ्या जागेवरून आलेला असू शकतो.

कच्छमध्ये गोळा करतानाही फरक करता आला असता. उतारावर सुटे पडलेले गोटे उचलायला सोपे, पण त्यांच्यासोबत बेसाल्ट येत नाही आणि सीमा हरवते. खाणीतले, बेसाल्टला चिकटलेले, तुटलेल्या ताज्या भिंतीतून काढलेले गोटे कितीतरी उपयोगाचे. वहीत कोणता गोटा भिंतीतला आणि कोणता उतारावरचा हे तिने लिहिलं होतं, म्हणून निदान नंतर दोन गट वेगळे करता आले. चुना कुठे जास्त होता, हे मात्र ठरवून बघायचं राहिलं. खाणीच्या भिंतीवर वरून खाली दर मीटरला आम्लाचा एक थेंब टाकत गेलं असतं तरी चुना किती खोलवर उतरला आहे हे तिथल्या तिथे कळलं असतं. आम्लाची बाटली सहलीत सोबत होतीच.

पैशांचा क्रमही उलटा पडला. आधी एक्सआरएफवर खर्च झाला, मग कापांवर, आणि लेझरला जे उरलं ते. कापाचा खर्च सर्वांत कमी असतो आणि पुढचा प्रत्येक रुपया कुठे टाकायचा हे त्यावरूनच ठरतं. माझ्या मते अशा कामात पहिला महिना फक्त सूक्ष्मदर्शकाला द्यावा. सरांचं मत थोडं वेगळं आहे. त्यांचं म्हणणं असं की आकडे आधी आले नसते तर वजनघटीचा हिशोब सुचला नसता आणि पेच लक्षातच आला नसता. त्यात तथ्य आहे, पण त्यासाठी एक छोटा तुकडा दळला असता तरी पुरलं असतं.

सारांशाच्या मुदतीबद्दलही आम्ही नंतर बोललो. परिषदेची तारीख आणि प्रयोगशाळेचा निकाल एकाच आठवड्यात येणं हे लहान विभागांत वारंवार घडतं, कारण निकाल येण्याची वेळ आपल्या हातात नसते. सरांनी आता विभागात असं ठरवलंय की ज्या नमुन्याचा काप कोणी बघितलेला नाही, त्याच्या आकड्यांवर सारांश लिहायचा नाही.

समस्थानिकांची चाचणी राहिली आहे. शिरेतला चुना आणि त्या एका कप्प्यातलं कॅल्साइट, दोन्हींचे नमुने वेगळ्या कुप्यांत भरून ठेवलेले आहेत. मोठ्या गोट्याच्या पुडीचा जाड भागही शिल्लक आहे. त्यातून गर्द हिरवे क्लायनोपायरॉक्सीनचे दाणे वेचून इपॉक्सीत बसवण्याचं काम यंदाच्या एका विद्यार्थ्याने घेतलंय. सीमा गेली असली तरी दाण्यांचे गाभे अजून मोजता येतील, आणि तो गोटा सुप्त बदल झालेल्यांपैकी होता की नाही हे त्यावरून कळेल.